बिल्ला हरवलेली सायकल : सोलापूर शहरातील सायकलचोरी, मालकीची नोंद आणि कायदा

प्रस्तावना

सोलापूरचा औद्योगिक इतिहास आजवर गिरण्या, संप आणि १९३० चा मार्शल लॉ या अंगांनी अभ्यासला गेला आहे. तथापि ज्या वाहनावर बसून या शहरातील कामगार पिढ्यान्‌पिढ्या कामावर गेला, त्या सायकलकडे अभ्यासकांचे लक्ष अभावानेच गेलेले दिसते. सायकल कोणाची आहे, ती चोरीस गेल्यास कोणाकडे दाद मागावी आणि सापडल्यास ती आपलीच असे कशाच्या आधारे सिद्ध करावे, हे प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतात. वस्तुतः लहान माणसाच्या मालमत्तेकडे शासनसंस्था कोणत्या दृष्टीने पाहत आली, याचे उत्तर त्यांत दडलेले आहे. सायकलचोरीस आळा घालण्यात कुलपापेक्षा मालकीच्या नोंदीचा वाटा मोठा असतो आणि ती नोंद नाहीशी झाल्यामुळे सायकल कायद्याच्या दृष्टीआड गेली, हे दाखविण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

गिरण्यांचे शहर आणि सायकल

१८७७ साली सोलापुरात पहिली कापड गिरणी सुरू झाली. पुढे ती ‘जुनी गिरणी’ म्हणून ओळखली जाऊ लागली. त्यानंतर लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी, जाम या गिरण्या उभ्या राहिल्या. भोंग्यावर चालणाऱ्या या शहरात पाळी गाठणे म्हणजे रोजगार टिकविणे होते. शहराचा भूप्रदेश बहुतांशी सपाट असल्याने सायकल येथे सहज रुळली. स्वातंत्र्यपूर्व काळात प्रामुख्याने विलायती बनावटीच्या सायकली येत. स्वातंत्र्यानंतर १९४९ मध्ये मद्रासची टी.आय. सायकल्स, १९५१ मध्ये सोनीपतची अ‍ॅटलस आणि १९५६ मध्ये लुधियानाची हीरो या कंपन्यांमुळे सायकल सामान्य कामगाराच्या आवाक्यात आली.

गिरण्या बंद पडल्यानंतरही ही गरज संपली नाही. यंत्रमाग कामगार, विडी कामगार, दूधवाले, पेपरवाले आणि खेड्यातून शाळेस येणाऱ्या मुली यांच्यासाठी सायकल हेच साधन राहिले. विडी कामगारांसाठी कुंभारी येथे उभारलेल्या १०,००० घरांच्या वसाहतीचे लोकार्पण २००६ मध्ये झाले. त्याच परिसरातील रे नगरमधील १५,००० घरांचे २०२४ मध्ये. हक्काचे घर मिळाले, तरी शहरातील काम व बाजार दूर गेला. २०११ च्या जनगणनेनुसार देशातील सुमारे ४५ टक्के कुटुंबांकडे सायकल होती. स्कूटर वा मोटारसायकल असणारी कुटुंबे सुमारे २१ टक्के होती. १९४८ च्या ‘बायसिकल थीव्हज’ या इटालियन चित्रपटात सायकल चोरीस जाताच नायकाची नोकरीच धोक्यात येते. १९५२ साली भारताच्या पहिल्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात तो दाखविला गेला. रोमच्या त्या कामगाराची व्यथा सोलापूरच्या कामगारास समजावून सांगावी लागली नसती.

बिल्ला : कर आणि ओळख

मुंबई प्रांतिक महानगरपालिका अधिनियम, १९४९ मधील ‘वाहन’ या संज्ञेत सायकलचा स्पष्ट अंतर्भाव आहे आणि कलम १२७ अन्वये वाहनांवर कर बसविण्याचा अधिकार महानगरपालिकेस मिळाला. १ मे १९६४ रोजी सोलापूर महानगरपालिका अस्तित्वात आली आणि हा अधिनियम येथे लागू झाला. तत्पूर्वीच्या नगरपालिकाविषयक कायद्यांतही वाहनकराची तरतूद होती. कर भरल्याची खूण म्हणून सायकलला धातूचा बिल्ला लावण्याची पद्धत महाराष्ट्रातील अनेक शहरांत रूढ होती. बिल्ला नसलेली सायकल अडविली जाई, हे जुन्या पिढीच्या स्मरणात आहे.

बिल्ल्याचा मूळ हेतू महसुलाचा होता. तथापि त्यातून एक अनपेक्षित लाभ झाला. प्रत्येक बिल्ल्यास क्रमांक होता आणि त्या क्रमांकापाठीमागे पावती होती. पावती हा मालकीचा निर्णायक पुरावा नसला, तरी या माणसाने या सायकलचा कर भरला एवढे ती निश्चितच सांगे. चित्रपटगृह वा रेल्वे स्थानकाजवळच्या सायकल स्टँडवर मिळणारा जोडटोकनाचा तुकडा हेच काम काही तासांपुरते करी. एक तुकडा हँडलला, दुसरा मालकाच्या खिशात. सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेसारख्या गर्दीत तो तुकडाच मालकाची ओळख ठरे.

पुढे अल्प उत्पन्नाचा हा कर मागे पडला आणि बिल्ला इतिहासजमा झाला. गरिबावरील कर गेला म्हणून कोणी हळहळण्याचे कारण नव्हते. परंतु करासोबत नोंदही गेली, याची दखल घेतली गेली नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कक्षेत साधी सायकल येत नाही. सोलापुरातील स्कूटरला ‘एमएच १३’ हा क्रमांक, इंजिन व चॅसिस क्रमांक आणि विमापत्र लाभते. चोरीच्या वाहनांसाठी असलेली ‘वाहन समन्वय’ ही राष्ट्रीय व्यवस्थाही मोटार वाहनांपुरतीच आहे. सायकलपाशी उरतो तो केवळ कारखान्यात ठोकलेला फ्रेम क्रमांक, आणि तो मालकासही बहुधा ठाऊक नसतो.

कायद्याची बदलती नजर

भारतीय दंड संहितेच्या कलम ३७९ नुसार चोरी हा दखलपात्र गुन्हा होता. त्यात मालाच्या किमतीची अट नव्हती. चोरीचा माल जाणूनबुजून घेणाऱ्यास कलम ४११ लागू होई. मुंबई पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम १२४ नुसार चोरीचा असावा असे वाटणारा माल जवळ कसा आला, याचा समाधानकारक खुलासा बाळगणाऱ्यास करावा लागतो. २०१३ च्या ललिता कुमारी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने दखलपात्र गुन्ह्याची खबर नोंदविणे बंधनकारक ठरविले. म्हणजे किमान कागदावर तरी सायकल आणि मोटार यांच्या चोरीत भेद नव्हता.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेने हे चित्र बदलले. कलम ३०३(२) नुसार मालाची किंमत ५,००० रुपयांपेक्षा कमी असेल, आरोपी प्रथमच दोषी ठरत असेल आणि त्याने माल वा त्याची किंमत परत केली, तर त्यास समाजसेवेची शिक्षा आहे. यामागील सुधारणावादी दृष्टी स्वागतार्ह आहे. मात्र भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या अनुसूचीत हा प्रकार अदखलपात्र आहे आणि अदखलपात्र गुन्ह्याचा तपास दंडाधिकाऱ्याच्या आदेशाविना पोलिसांस करता येत नाही. वापरलेली साधी सायकल ५,००० रुपयांच्या आतच बसते. तक्रारीच्या वेळी चोर अज्ञात असतो. तो प्रथम अपराधी आहे की सराईत, तो सायकल परत करील की भंगारात विकील, हे ठाणे अंमलदाराने कशावरून ठरवावे? शिक्षेच्या टप्प्यावरील सवलत तक्रारीच्या टप्प्यावरील अडसर ठरू नये, एवढी दक्षता येथे आवश्यक आहे.

सापडलेल्या सायकलीची कथा वेगळी नाही. २००२ च्या सुंदरभाई अंबालाल देसाई खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मुद्देमाल ठाण्यात कुजत न ठेवता छायाचित्रे व पंचनामा करून त्वरित परत देण्याचे निर्देश दिले. नव्या संहितेच्या कलम ४९७ ने १४ दिवसांत मालाचे विवरण आणि त्यापुढे ३० दिवसांत विल्हेवाटीचा आदेश, अशी मुदत घातली. बेवारस मालाबाबत सहा महिन्यांत दावा करण्याची उद्घोषणा काढता येते. परंतु दावेदारापाशी क्रमांकच नसेल, तर या मुदतींचा लाभ कोणास?

नोंदीचे अन्य प्रयोग

जपानमध्ये सायकलची चोरीप्रतिबंधक नोंदणी १९९४ पासून मालकास बंधनकारक आहे. विक्रीच्या वेळीच दुकानदार ती करून देतो आणि क्रमांकाची चिकटपट्टी फ्रेमवर लावतो. त्यामुळे पोलीस रस्त्यावरच मालकाची खातरजमा करू शकतात. येथे नोंद हा कर नसून संरक्षण आहे. आपल्याकडे नेमके उलट घडले : नोंद करापोटी जन्मली आणि करासोबतच संपली.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनातून पुढील बाबी स्पष्ट होतात.

१. बिल्ला हा महसुली उपाय असूनही त्याने सायकलला सार्वजनिक ओळख दिली. तो गेल्यावर त्याची जागा घेणारी कोणतीही व्यवस्था उभी राहिली नाही.

२. कुलूप चोरास विलंब लावते. सायकल परत मिळवून देते ती नोंद. पेडलच्या आसाखाली किंवा बैठकीच्या नळीवर कोरलेला फ्रेम क्रमांक, विक्रीची पावती आणि एक छायाचित्र एवढा ऐवज प्रत्येक मालकाने जपणे हा सर्वांत स्वस्त उपाय होय.

३. महाविद्यालयांना हे काम सहज करता येईल. प्रवेशाच्या वेळी विद्यार्थ्यांच्या सायकलींचे फ्रेम क्रमांक एका नोंदवहीत उतरवून घेतल्यास बिल्ल्याचे जुने कार्य कोणताही कर न लादता पुन्हा सुरू होईल.

४. अल्प किमतीच्या मालाची चोरी अदखलपात्र ठरविताना ती किंमत कोणाच्या उत्पन्नाशी ताडून पाहायची, हा प्रश्न विधिज्ञांनी व इतिहासकारांनी एकत्रितपणे विचारात घेण्याजोगा आहे. यंत्रमागावर रोजंदारी करणाऱ्यास ५,००० रुपये ही क्षुल्लक रक्कम नाही.

शासनसंस्थेला सायकल दिसत होती, ती तिच्याकडून कर घ्यायचा होता तोवर. संरक्षण देण्यासाठीही ती दिसावी, ही अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही.