अहवालात पालाश ‘भरपूर’, मग पोटॅश कशाला?
माती परीक्षण अहवालात पालाश ‘भरपूर’ दिसला, की बरेच ऊस उत्पादक पोटॅश बंद करतात. घाई करू नका. काळ्या जमिनीतला बराच पालाश अभ्रकाच्या बारीक कणांच्या थरांत अडकलेला असतो. ऊस नत्रापेक्षाही जास्त पालाश उचलतो. मुळांजवळचा संपला, की हे थर कडेने उघडतात आणि आतला पालाश बाहेर येतो. खनिजांची ही झीज एरवी फार संथ. उसामागे ऊस घेतला की ती वेग घेते. नेहमीच्या परीक्षणात हा राखीव साठा मोजलाच जात नाही. वरचा पालाश त्यातून भरत राहतो, म्हणून आकडा वर्षानुवर्षे चांगला दिसतो. रिकामे झालेले थर मात्र नंतर टाकलेल्या पोटॅशचाही काही भाग धरून ठेवतात. पाचट जाळू नका, सरीत कुजवा. त्यातला पालाश शेतातच राहतो.