जुळणीचा करार

पुण्याहून रेल्वेने हुबळीस येणाऱ्या जुन्या पिढीला मिरजेचा फलाट विसरता येणार नाही. १९७१ साली पुणे-मिरज-कोल्हापूर मार्ग ब्रॉडगेज झाला. मिरजेहून हुबळीकडे येणारा मार्ग मात्र पुढे कित्येक वर्षे मीटरगेजच राहिला. दोन्ही गाड्या सुस्थितीत, रूळही भक्कम. तरी प्रवाशाला वळकटी उचलून गाडी बदलणे भाग पडे. मापाविषयी एकवाक्यता नव्हती, एवढाच काय तो दोष. वैयक्तिक संगणकाच्या इतिहासातही असे एक मिरज होऊन गेले.

सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी माझे एक गुरुजी आपला संगणक घेऊन कोप्पीकर रोडवरील एका दुकानात गेले. ओझे वाहण्यास मी बरोबर होतो. त्यांनी नवे मोडेम बसविले होते. माउस एकटा चाले, मोडेमही एकटे चाले. दोघे एकत्र आले की यंत्र थिजून जाई. कारागिराने झाकण उघडले, मोडेमच्या कार्डावरील जंपर नावाची इवलीशी टोपी चिमट्याने काढून शेजारच्या दोन सुयांवर बसविली, आणि भांडण मिटले.

या भांडणाचे मूळ १९८१ सालात आहे. त्या वर्षीच्या १२ ऑगस्टला जाहीर झालेल्या आयबीएमच्या वैयक्तिक संगणकात जोडकार्डांसाठी पाच खाचा होत्या, आणि प्रोसेसरचे लक्ष वेधून घेण्यासाठी इंटरप्टच्या अवघ्या आठ रेषा. १९८४ च्या एटी यंत्रात वापरण्याजोग्या रेषा पंधरा झाल्या. तथापि पहिले आणि तिसरे सीरियल पोर्ट रूढीने चौथ्या क्रमांकाचीच रेषा वापरीत राहिले. वर्गात एकाच हजेरी-क्रमांकावर दोन मुले ‘हजर’ म्हणू लागली, तर शिक्षकाने काय समजावे? गुरुजींचा माउस आणि मोडेम यांचे नेमके हेच झाले होते. मोकळा क्रमांक शोधण्याचा भार मात्र, ज्याला त्यातले सर्वांत कमी कळे, त्या ग्राहकाच्याच माथी येई.

१९९५ च्या विंडोजने क्रमांक वाटण्याचे काम पुष्कळसे स्वतःकडे घेतले. जानेवारी १९९६ मध्ये सात कंपन्यांनी मिळून यूएसबीचे पहिले प्रमाण प्रसिद्ध केले. बडोद्यास शिकलेले अजय भट्ट हे इंटेलमधील अभियंता त्या कार्यात अग्रभागी होते. एका नियंत्रकावर १२७ उपकरणे जोडता येतील, अशी ती योजना होती. बाजारात एकमेकींशी झुंजणाऱ्या कंपन्या एका खाचेच्या आकारावर एकमत होतात, ही गोष्ट लहान नव्हे.

परंतु तार जुळली म्हणजे सर्व जुळले असे नाही. गुरुजींच्या यंत्रात आणखी एक कार्ड होते, जिस्ट नावाचे. आयआयटी कानपूर येथे आरंभिलेले ते काम पुण्याच्या सी-डॅक संस्थेने पुढे नेले होते. त्या कार्डामुळेच यंत्राला देवनागरी येई. गुरुजी गेले, यंत्रही गेले. त्यांच्या मराठी टिपणांच्या फ्लॉप्या तेवढ्या मजकडे आल्या. यूएसबीचा फ्लॉपी ड्राइव्ह नव्या संगणकाला विनातक्रार जुळला, फाइल उघडली, आणि पडद्यावर निरर्थक परकी चिन्हे उमटली! गुरुजींचे शब्द जागेवर होते. ते वाचणारा मात्र कोणी उरला नव्हता.

ती टिपणे वाचली, याचे श्रेय एका सरकारी दस्तऐवजास आहे. इस्की ही भारतीय लिप्यांची संकेतावली भारतीय मानक ब्यूरोने १९९१ मध्ये प्रसिद्ध केली होती, आणि युनिकोडमधील देवनागरीची मांडणीही इस्कीच्याच आधीच्या, १९८८ च्या आवृत्तीवर आधारलेली आहे. कोष्टकावर कोष्टक ठेवून अक्षरामागून अक्षर उलगडत गेले. तीच संकेतावली एखाद्या कारखानदाराने तिजोरीत कोंडून ठेवली असती, तर?

यंत्रे जुनी होतात, ती टाकूनही द्यावी लागतात. जुळणीचा करार मात्र चारचौघांत, उघड्यावर लिहिलेला असावा. गुरुजींची अक्षरे आज मला वाचता येतात, ती तशा एका करारामुळे.