डोनाल्ड कनूथ : अवजार, ग्रंथ आणि वाद्य

मराठी चरित्रग्रंथांत 'छंद आणि आवडीनिवडी' हे प्रकरण बहुधा शेवटाकडे असते. नायकाचे कर्तृत्व सांगून झालेले असते, आणि मग तो बागेत रमे, सतार छेडी, एवढी माहिती वाचकाच्या पदरी घालून चरित्रकार समारोपाकडे वळतो. काम वेगळे, आवड वेगळी, आणि आवड ही कामातून उरलेल्या वेळेची गोष्ट, असे एक गृहीतक या मांडणीमागे आहे. संगणक-व्यवसायातील माणसांविषयी बोलताना तर ते अधिकच घट्ट होते. दिवसभर आज्ञावली लिहिणारा माणूस संध्याकाळी गाणे ऐकतो, याचे आपल्याला किंचित कौतुक वाटते, कारण ही दोन दालने एकमेकांना जोडलेली असतील असे आपण मुळी धरतच नाही.

अमेरिकन संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड कनूथ यांचा जीवनक्रम या गृहीतकाला छेद देतो. त्यांच्या आवडींनी कामात शिरकाव केला, कामाला वळण दिले आणि कामाची मोठी किंमतही वसूल केली. पहिल्या दोन गोष्टींचे गोडवे पुष्कळ गायले जातात. तिसरीचा हिशेबही मांडला पाहिजे, असे आम्हांला वाटते.

कनूथ यांचा जन्म १९३८ सालचा, विस्कॉन्सिन राज्यातील मिलवॉकी शहरातला. वडील लुथरन शाळेत शिक्षक, चर्चमध्ये ऑर्गनवादक, शिवाय त्यांचा छपाईचा छोटा व्यवसायही होता. पुढे मुलाच्या आयुष्यात जे तीन धागे गुंफले गेले, ते अध्यापन, वाद्य आणि मुद्रण असे घरातच होते. (येथे मराठी संगीत रंगभूमीवरचा, पायाने भाता हलवून वाजवायचा ऑर्गन डोळ्यांसमोर आणू नये. चर्चमधील ऑर्गन नळ्यांचा असतो आणि त्याचा आवाका एखाद्या वाद्यवृंदाचा असतो.) महाविद्यालयात जाताना संगीत घ्यावे की भौतिकशास्त्र, हा प्रश्न त्यांना पडला होता. १९५६ साली ते भौतिकशास्त्रासाठी क्लीव्हलंडच्या केस इन्स्टिट्यूटमध्ये दाखल झाले, तेथे गणिताकडे वळले, आणि तेथेच त्यांना आयबीएम ६५० हा संगणक भेटला. या यंत्राशी त्यांचे इतके सख्य जमले की पुढे आपल्या मुख्य ग्रंथाचा पहिला खंड त्यांनी त्यालाच अर्पण केला.

तो ग्रंथ म्हणजे 'द आर्ट ऑफ कम्प्युटर प्रोग्रामिंग'. १९६२ साली प्रकाशकाने त्यांच्याकडे एका पुस्तकाची मागणी केली, आणि लिहिता लिहिता त्याची सात खंडांची योजना झाली. १९६८, १९६९ आणि १९७३ असे पहिले तीन खंड झपाट्याने आले. १९७४ साली त्यांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला. त्या वेळच्या व्याख्यानात त्यांनी ग्रंथनामातील 'आर्ट' या शब्दाचाच इतिहास उलगडला. आज्ञावली रचण्याचा अनुभव काव्य किंवा संगीत रचण्याच्या अनुभवाशी नाते सांगू शकतो, हे त्यांचे प्रतिपादन होते. साहित्याच्या अभ्यासकांनी ही निव्वळ उपमा समजू नये. पुढच्या दहा-बारा वर्षांत कनूथ ती अक्षरशः जगले.

१९७७ साली दुसऱ्या खंडाच्या नव्या आवृत्तीची मुद्रिते त्यांच्या हाती आली. पहिली आवृत्ती शिशाच्या खिळ्यांनी जुळवलेली होती. आता प्रकाशकाने प्रकाशजुळणीचे तंत्र स्वीकारले होते आणि गणिती मजकुराची अक्षरे त्यात पार विद्रूप दिसत होती. दुसरा एखादा लेखक तक्रारीचे पत्र लिहून मोकळा झाला असता. त्याच सुमारास डिजिटल पद्धतीने जुळवलेला एक मजकूर कनूथ यांच्या पाहण्यात आला, आणि छापील पान म्हणजे अखेर शून्य आणि एक यांची मांडणी होय, तेव्हा हा प्रश्न आपल्याच हातचा आहे, असे त्यांनी ठरवले. ग्रंथलेखन बाजूला ठेवून ते अक्षरजुळणीची आज्ञावली लिहायला बसले. तिचे नाव 'टेक'. कला आणि कारागिरी या दोन्ही अर्थांच्या ग्रीक शब्दावरून ते घेतले आहे. आपण 'तंत्र' आणि 'कला' असे दोन शब्द दोन वेगळ्या फडताळांत ठेवतो; त्या ग्रीक शब्दात ते एकत्र नांदतात.

'टेक'च्या अनेक गुणांपैकी एकच सांगतो. पूर्वीच्या यांत्रिक जुळणीत ओळ भरली की ती तोडायची आणि पुढे जायचे, अशी रीत होती. त्यामुळे एक ओळ दाटीची तर पुढची विरळ होई. कनूथ आणि मायकेल प्लास यांनी १९८१ साली प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत संपूर्ण परिच्छेदाचा एकत्र विचार होतो. शेवटच्या ओळीच्या सोयीसाठी पहिल्या ओळीत बदल होऊ शकतो. शेवटचे यमक ध्यानात ठेवून पहिला चरण बांधणाऱ्या कवीला ही दृष्टी परकी वाटणार नाही.

'टेक'ला अक्षरे हवीत, म्हणून 'मेटाफाँट' हे दुसरे अवजार आले. यात अक्षराचे चित्र साठवलेले नसते, तर लेखणीच्या वाटेचे गणिती वर्णन असते. जाडी, उंची, कल ही मूल्ये बदलली की त्याच वर्णनातून निराळ्या वळणाची अक्षरे निघतात. एकच स्वररचना वेगवेगळ्या नळ्यांच्या संचांतून वाजवून तिचा पोत बदलणाऱ्या ऑर्गनवादकाशी याचे साम्य आम्हांला जाणवते. कनूथ यांनी याच काळात आपल्या घरी ८०० हून अधिक नळ्यांचा ऑर्गन खास बांधवून घेतला होता, हे येथे नोंदवणे अप्रस्तुत होणार नाही.

संगीताची आवड त्यांच्या विनोदातही उतरली. १९७७ साली त्यांनी गाण्यांच्या गुंतागुंतीवर शास्त्रीय निबंधाचे विडंबन लिहिले. ध्रुवपद असले की गाणे लक्षात ठेवायला कमी स्मृती लागते, हे तेथे गणिती थाटात सिद्ध केलेले आहे. आपल्याकडे टाळकरी ज्या ध्रुवपदाच्या बळावर तासन्‌तास अभंग उचलून धरतात, त्यामागचे व्यावहारिक शहाणपण वेगळे ते काय?

साहित्याच्या विद्यार्थ्यांना सर्वांत जवळची वाटावी अशी त्यांची कल्पना १९८४ सालची आहे. तिला 'वाङ्मयीन आज्ञावली-लेखन' म्हणता येईल. आज्ञावली ही यंत्राला दिलेली आज्ञा असली, तरी ती आधी माणसाने माणसासाठी लिहिलेला निबंध असली पाहिजे, हा तिचा गाभा. लेखकाने एकच संहिता लिहावी. 'वीव्ह' हे अवजार त्यातून वाचकासाठी ग्रंथ विणते, आणि 'टँगल' यंत्रासाठी तीच संहिता गुंतवून देते. 'टेक'ची समग्र आज्ञावली १९८६ साली अशीच ग्रंथरूपाने छापली गेली.

त्याच वर्षी एक मौजेचा खटका उडाला. जॉन बेंटली यांनी आपल्या सदरासाठी कनूथ यांना एक समस्या घातली: एखाद्या मजकुरात सर्वाधिक वेळा येणारे शब्द वारंवारतेसह काढा. कनूथ यांनी आपल्या पद्धतीने अनेक पानांची देखणी रचना सादर केली. तिचे परीक्षण बेल प्रयोगशाळेतील डग्लस मॅक्इलरॉय यांनी केले. कारागिरीची मनापासून वाखाणणी करून त्यांनी दाखवून दिले की, हाताशी असलेली सहा लहान अवजारे एकापुढे एक जोडली की तेच काम अवघ्या सहा ओळींत होते. अनेकांनी हा कनूथ यांचा पराभव मानला. कामापुरते पाहिल्यास मॅक्इलरॉय यांचे म्हणणे आम्हांलाही मान्य आहे. रोजच्या व्यवहारात प्रत्येक वस्तू मुळापासून घडवत बसणे परवडत नाही. मात्र आज्ञावलीचे एखाद्या कवितासंग्रहासारखे जाहीर परीक्षण व्हावे, तिच्या शैलीची आणि रचनेची चर्चा व्हावी, ही घटनाच कनूथ यांचा मूळ मुद्दा सिद्ध करणारी होती. ती वाचनीय होती, म्हणूनच तिच्यावर टीका करता आली.

आता किमतीकडे येऊ. अक्षरजुळणीचे काम वर्षभरात आटोपेल असा त्यांचा अंदाज होता. त्यात सुमारे दहा वर्षे गेली. ज्या ग्रंथासाठी अवजार घडवायचे, तोच ग्रंथ ताटकळत राहिला. तिसरा खंड १९७३ चा, आणि चौथ्या खंडाचा पहिला भाग २०११ चा, म्हणजे मध्ये ३८ वर्षे. हा सारा विलंब 'टेक'मुळे झाला असे म्हणणे अन्यायाचे होईल, कारण तो विषयही दरम्यान अफाट वाढला होता. १९९० च्या आरंभी त्यांनी ई-मेल वापरणे सोडले, पुढे ग्रंथासाठी मुदतीआधी निवृत्ती घेतली. चौथ्याचा दुसरा भाग २०२२ साली आला, तरी सात खंडांची मूळ योजना अपुरीच आहे. हाती घेतलेला कोश बाजूला सारून त्यासाठी नवा खिळा पाडत बसलेल्या संपादकाला आपण काय म्हटले असते? बहुधा वेळेचा अपव्यय करणारा.

पण दुसरे पारडेही रिकामे नाही. कनूथ यांनी 'टेक'ची संहिता सर्वांना मोफत खुली केली, आणि दोष दाखवणाऱ्यास २.५६ डॉलरचा धनादेश देण्याचा प्रघात पाडला. या खुलेपणाची फळे आपल्या लिपीपर्यंत पोचली. १९८३ साली स्टॅनफर्डमधूनच पीयूष घोष यांचा भारतीय लिप्यांच्या अक्षररचनेवरील अहवाल निघाला. १९९१ साली नेदरलँड्समधील ग्रोनिंगन विद्यापीठाच्या फ्रान्स वेल्टहाउस यांनी 'टेक'साठी देवनागरीची व्यवस्था केली. तिची अक्षरे 'मेटाफाँट'मध्ये घडवलेली होती. मजकूर रोमन खुणांनी लिहायचा, आणि छापून निघे ती जोडाक्षरांसह देवनागरी. युनिकोड सर्वत्र रुळण्यापूर्वीच्या त्या काळात ही सोय लहान नव्हती. मिलवॉकीच्या एका घरातील मुद्रणप्रेमाचा एक धागा असा आपल्या काना-मात्रांपर्यंत आलेला आहे. ग्रंथ वेळेवर पुरा झाला असता तर संगणकशास्त्राचे भले झाले असते. पण हा धागा मात्र कातलाच गेला नसता.

म्हणून छंदाचे प्रकरण चरित्राच्या शेवटाकडे ढकलताना दोनदा विचार करावा, एवढेच आमचे म्हणणे. आवड माणसाला समृद्ध करते हे वाक्य आपण विद्यार्थ्यांना फार सहज ऐकवतो. ती आयुष्यातील दहा वर्षेही मागू शकते, हे सांगत नाही. कनूथ यांनी ती वर्षे दिली, आणि संगीताचे राहिलेले देणेही फेडले. बायबलच्या अखेरच्या ग्रंथावर आधारलेली त्यांची ऑर्गनसाठीची दीर्घ रचना १० जानेवारी २०१८ रोजी, त्यांच्या ऐंशीव्या वाढदिवशी, स्वीडनमधील पितेओ येथे प्रथम वाजवली गेली. महाविद्यालयात जाताना मागे ठेवलेला विषय त्यांनी सहा दशकांनी पुन्हा पुढे घेतला होता, आणि टेबलावर पुढच्या खंडाची पाने वाट पाहत होती.