तलवार मासा आणि पकडीची मर्यादा

श्रीवर्धन म्हटले की कुणाला पेशव्यांचे मूळ गाव आठवते, कुणाला रोठा सुपारी. बंदराकडच्या माणसाला मात्र जीवना, भरडखोल, दिघी ही नावे आधी आठवतात, आणि त्यांच्याबरोबर एक वाद आठवतो : मासा किती धरावा, केवढा धरावा आणि हे ठरवावे कुणी? हा वाद आपल्याच किनाऱ्याचा आहे असे आपण समजतो. पण अटलांटिक महासागरात एका माशावरून तो कित्येक वर्षे चालला, आणि विशेष म्हणजे त्याचा निकालही लागला. तो मासा म्हणजे तलवार मासा.

प्रथम मासा कोणता ते नीट समजून घेऊ, कारण नावात घोटाळा होतो. तलवार मासा म्हटले की काही जण करवत माशाची आठवण काढतात. करवत मासा निराळा. त्याच्या सोंडेला दोन्ही कडांनी दाते असतात आणि तो पाकटाच्या नात्यातला. तो इतका दुर्मिळ झाला की २००१ सालापासून वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला धरण्यास बंदी आहे. तलवार माशाची तलवार सपाट, गुळगुळीत, आणि अंगाच्या जवळजवळ एक तृतीयांश लांब. मोठेपणी त्याला दात नसतात, खवलेही नसतात. दिवसा तो पाचशे मीटर आणि त्याहून खोल जातो, रात्री वर येतो. तिथल्या गारठ्यात डोळे आणि मेंदू ऊबदार ठेवायला डोळ्यांजवळ खास स्नायू असतात. निसर्गाने जणू शेगडीच पेटवून दिली आहे! मादी नरापेक्षा मोठी होते. म्हणजे मोठा मासा धरला, तर बहुधा मादी धरली. ही गोष्ट ध्यानात ठेवा.

हा मासा आपल्या अरबी समुद्रातही आहे, पण दूर, खोल पाण्यात. म्हणून डोल किंवा दालदी जाळ्यात तो सहसा दिसत नाही. मुंबईत १९४६ साली खोल समुद्रातील मासेमारीचे सरकारी केंद्र निघाले. आज त्यालाच भारतीय मत्स्य सर्वेक्षण म्हणतात. त्या संस्थेच्या जहाजांच्या गळांना मात्र तो लागतो.

आता इतिहासाकडे वळू. अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावरचे कोळी एकोणिसाव्या शतकापासून हा मासा दोरी बांधलेल्या भाल्याने मारत. मासा ऊन खात पृष्ठभागावर येई, डोलकाठीवर बसलेला माणूस त्याला हेरी आणि गलबताच्या टोकावरचा माणूस भाला फेकी. यात एक सोय आपोआप होती. भाला फेकायचा तर मासा दिसायला हवा, आणि दिसे तो मोठाच. लहान माशासाठी भाला कोण वाया घालवील? कायदा नव्हता, मर्यादा नव्हती. पण हत्यारच असे होते की त्याने लहानग्यांना सोडून दिले.

दुसऱ्या बाजूला हौशी मंडळी आली. आपल्याकडे खडकावर बसून गरवणारे असतात, त्यांचेच हे श्रीमंत भाऊबंद. कॅलिफोर्नियाजवळच्या कॅटलिना बेटावर १८९८ साली ट्यूना क्लब स्थापन झाला. दोरी किती जाड असावी, काठी कशी असावी, याचे त्यांनी नियम केले, कारण माशाला झुंजीत बरोबरीची संधी मिळावी. याच बेटाजवळ १९१३ साली विल्यम बॉशेन याने काठी आणि फिरकीने पहिला तलवार मासा बाहेर काढला. तो भरला ३५५ पौंड, म्हणजे १६१ किलो. पुढे १९५३ साली चिली देशात इकिके येथे लुई मॅरन याने धरलेला मासा १,१८२ पौंडांचा, ५३६ किलोंचा होता. गळकाठीचा तो विक्रम आजही मोडलेला नाही. एक माणूस, एक काठी, तासन् तास झुंज आणि एक मासा, असा हा खेळ. शिकारीचा खेळ म्हणून तो आवडो न आवडो, त्याने समुद्र रिकामा होणे कठीण होते.

समुद्राला धक्का बसला तो १९६० च्या सुमारास. लाँगलाइन आली. कित्येक मैल लांबीची मुख्य दोरी, तिला लोंबणाऱ्या शेकडो दोऱ्या, प्रत्येकीच्या टोकाला गळ. रात्री ती पाण्यात सोडायची आणि सकाळी ओढायची. गळाला डोळे नसतात. माता, पिलू, कासव, मुशी, जे येईल ते.

मध्ये एक चमत्कारिक विश्रांती मिळाली. १९७० साली या माशाच्या मांसात पारा सापडला. अमेरिकन सरकारने पाऱ्याची मर्यादा इतकी कडक केली की बाजार जवळजवळ बसला. माणसाने माशाला वाचवले नाही. माणसाला स्वतःचे पोट वाचवायचे होते! पण १९७० च्या दशकाच्या शेवटी मर्यादा सैल झाली आणि बोटी पुन्हा निघाल्या. उत्तर अटलांटिकमधली पकड १९८७ साली वीस हजार टनांवर गेली. पकड वाढत होती आणि मासा घटत होता. अमेरिकेत किनाऱ्यावर उतरणाऱ्या माशाचे सरासरी वजन १९६० च्या सुमारास १२० किलोंच्या आसपास होते. ते १९९० च्या दशकाच्या मध्यावर चाळीस किलोंवर आले. मादी साधारण पाच वर्षांची होते तेव्हा अंडी घालण्याजोगी होते. आता मासे त्याआधीच धरले जात होते.

तेव्हा वाद पेटला. हौशी मंडळी म्हणू लागली, लाँगलाइन बंद करा. लाँगलाइनवाले म्हणत, आम्ही लोकांना अन्न देतो, तुम्ही गंमत म्हणून मारता. आमचा मासा तोलला जातो, तुमचा कोण मोजतो? भालेवाले म्हणत, दोष कुणाचा आणि भोगायचे कुणी? प्रत्येकाच्या म्हणण्यात थोडे खरे होते. माझ्या मते भालेवाल्यांच्या म्हणण्यात सर्वात जास्त.

अटलांटिकच्या मासेमारीसाठी देशोदेशींचा एक आयोग आहे. त्याने १९९० साली ठरवले, २५ किलोंहून लहान मासा उतरवू नये. ऐकायला छान. पण झाले काय? लाँगलाइनचा गळ रात्री लागतो, दोरी सकाळी ओढतात. लहान मासा वर येईपर्यंत पुष्कळदा मेलेलाच असे. नियम पाळायचा म्हणून तो मेलेला मासा परत समुद्रात टाकायचा. कागदावर मासा वाचला, पाण्यात मात्र तो गेला. गुरुजनहो, हे उदाहरण वर्गात सांगण्याजोगे आहे. मर्यादा मासा मेल्यावर लावली तर ती मर्यादा उरत नाही.

मग दोन गोष्टी घडल्या. १९९८ सालच्या जानेवारीत अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या सत्तावीस नामांकित आचाऱ्यांनी जाहीर केले की उत्तर अटलांटिकमधला तलवार मासा आम्ही रांधणार नाही. त्यांच्यामागे पुढे शेकडो आचारी आले. त्याच वर्षी जूनमध्ये अध्यक्ष क्लिंटन यांनी १५ किलोंहून लहान अटलांटिक तलवार माशाच्या विक्रीला व आयातीला बंदी जाहीर केली. १९९९ साली आयोगाने दहा वर्षांची योजना आखली आणि देशोदेशींची पकड कमी केली. पण मला महत्त्वाची वाटते ती पुढची पायरी. २००० आणि २००१ साली अमेरिकेने फ्लोरिडाच्या आसपासचे, जिथे पिले वाढतात ते पाणीच लाँगलाइनला बंद केले. दोरीच पडली नाही, तर पिलू मरणार कसे? २००९ साली मोजणी झाली तेव्हा उत्तर अटलांटिकचा साठा ठरवलेल्या पातळीच्या वर पोहोचला होता. दहा वर्षांत!

हौशी मंडळींनाही मोकळे सोडलेले नाही. तिथे खाजगी बोटीवर दर फेरीला माणशी एकच मासा आणि साऱ्या बोटीत मिळून चार, एवढीच परवानगी असते. मासा खालच्या जबड्यापासून शेपटीच्या खाचेपर्यंत ४७ इंच, म्हणजे सुमारे १२० सेंटीमीटर हवा, आणि धरल्याची खबर चोवीस तासांत द्यायची. काठीला लागलेला लहान मासा जिवंत असतो, म्हणून त्याला सोडून देण्यात अर्थ असतो. मापाचा नियम इथे चालतो तो यामुळेच.

आपल्या महासागरासाठीही असा आयोग १९९६ पासून आहे. त्याचे ठाणे सेशेल्समध्ये, आणि भारत त्याचा सदस्य आहे. त्याने २०१८ साली तलवार माशाच्या चुलत भावंडांवर, म्हणजे मार्लिन आणि शिडासारखा पर असलेला मासा यांच्यावर, पकडीच्या मर्यादा घातल्या आणि ६० सेंटीमीटरपेक्षा लहान मासा ठेवू नये असे ठरवले.

आता घरी परतू. आपल्या किनाऱ्यावर मर्यादा नवीन नाही. पावसाळ्यात होड्या वर ओढायच्या आणि नारळी पौर्णिमेला नारळ वाहून दर्यावर जायचे, हा आपला जुना रिवाज. त्यात खवळलेल्या समुद्राची भीती होती, पण त्याच दिवसांत पुष्कळ मासे अंडी घालतात हेही खरे. १९८१ साली महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम झाला. आज १ जून ते ३१ जुलै अशी एकसष्ट दिवसांची बंदी असते. नारळी पौर्णिमा बहुधा ऑगस्टात येते, म्हणजे रिवाज कायद्यापेक्षा कडक होता म्हणायचा.

जाळ्यांचेही भालेवाले आणि लाँगलाइनवाले यांच्यासारखेच आहे. दालदी जाळ्याचा आस, म्हणजे जाळ्याचे भोक, मोठा असेल तर लहान मासा आपसूक निसटतो. पर्ससीन जाळे थव्याला चहूकडून घेरते आणि खालून आवळते. लहान-मोठा भेद तिथे नाही. पारंपरिक मच्छीमार यावर वर्षानुवर्षे बोलत राहिले. डॉ. सोमवंशी समिती बसली आणि ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने राज्यात पर्ससीनला १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर एवढाच हंगाम ठेवला, आसही २५ मिलिमीटरहून लहान नको असे सांगितले. पर्ससीनवाल्यांचे म्हणणे असे की कर्ज काढून बोट बांधली, चार महिन्यांत हप्ते कसे फेडायचे? हा प्रश्न खोटा नाही. त्याचे उत्तर लहान होडीवाल्याच्या ताटातून मात्र काढता येणार नाही.

२०२३ साली पापलेट हा राज्याचा मासा ठरला. त्याच वर्षी ५४ जातींच्या माशांची किमान मापे राज्याने ठरवली. पापलेटाचे माप १३५ मिलिमीटर. पालघरकडचे सातपाटीचे कोळी लहान पापलेटांची लूट थांबवा म्हणून आधीपासून ओरडत होतेच. शाळेतल्या कंपासपेटीतली पट्टी १५ सेंटीमीटरची असते. जीवना बंदरावर टोपल्या उतरतात तेव्हा ती पट्टी पापलेटाला लावून पाहा. साडेतेराच्या आत जे भरेल ते पापलेट पट्टी लागण्याआधीच मेलेले असते. ते कोणत्या जाळ्यातून आले, त्याचा आस केवढा आणि ते कोणत्या महिन्यात टाकले, हे तांडेलाला विचारा. त्याला सगळे ठाऊक असते.