नियमित रोख मदत आणि पशुधन : चंद्रपूर–गडचिरोली

शासनाकडून ठरावीक मुदतीने थेट बँक खात्यात जमा होणारी रक्कम आणि ग्रामीण कुटुंबाकडील शेळ्या, कोंबड्या, डुकरे व गुरे यांची वाढ यांतील संबंध. ही नोंद पूर्व विदर्भातील चंद्रपूर आणि त्यातून 26 ऑगस्ट 1982 रोजी वेगळा झालेला गडचिरोली या दोन वनजिल्ह्यांपुरती आहे. गडचिरोलीचा दोन-तृतीयांशाहून अधिक भाग जंगलाखाली आहे. तेथे 2011 च्या जनगणनेनुसार सुमारे 39 टक्के लोक अनुसूचित जमातींचे होते. चंद्रपुरात हे प्रमाण सुमारे 18 टक्के होते. पूर्वेकडे धान, पश्चिमेकडे वरोरा, राजुरा, कोरपना या तालुक्यांत कापूस आणि सोयाबीन. आणि दोन्हीकडे जोडीला जंगल. पशुधनाचा प्रश्न या तिन्हींच्या सांध्यावर येतो.

खात्यात पडणारा पैसा एका योजनेचा नाही. संजय गांधी निराधार अनुदान योजना 1980 पासून चालू असून, 2023 मध्ये तिची आणि श्रावणबाळ योजनेची रक्कम महिना 1000 रुपयांवरून 1500 झाली. गावात तिला ‘निराधारचे पैसे’ एवढेच नाव आहे. पीएम किसान (2019) वर्षाला 6000 रुपये तीन हप्त्यांत देते, आणि राज्याच्या नमो शेतकरी महासन्मान निधीने 2023 पासून त्यात तेवढीच भर घातली. जून 2024 मध्ये जाहीर झालेली मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना अडीच लाखांपेक्षा कमी वार्षिक उत्पन्नाच्या कुटुंबांतील 21 ते 65 वयाच्या महिलांना दरमहा 1500 रुपये देते. शेतकरी सन्मानाचे 12,000 रुपये जिच्या स्वतःच्या नावावर येतात, तिला या योजनेतून 500 रुपयेच मिळतात. किसान योजनांना सातबारा लागतो. त्यामुळे बकऱ्यांवर सर्वाधिक विसंबून असलेले भूमिहीन कुटुंब त्यांतून आपोआप बाहेर राहते, आणि त्याच्या वाट्याला निराधार व लाडकी बहीण एवढेच उरते.

यांपैकी एकही योजना पशुपालनासाठी आखलेली नाही. तेल-मीठ, औषधपाणी, मुलांची वह्या-पुस्तके आणि उधारी यांत बहुतेक रक्कम जाते, आणि ती तशी जावी हेच अपेक्षित आहे. तरीही गोठ्यावर तिचा परिणाम होतो. तो कसा होतो हे समजण्यासाठी आधी कोणती जनावरे कोणाच्या हातात आहेत ते पाहावे लागते.

धानाच्या पट्ट्यातील मूळ गुरे म्हणजे कठाणी. ही लहान चणीची, काटक जात चिखलणीला उपयोगी. दूध मात्र जेमतेम. राष्ट्रीय पातळीवर स्वतंत्र जात म्हणून तिची नोंद अगदी अलीकडे झाली. भामरागड–एटापल्लीकडील माडिया कुटुंबांत गाईचे दूध काढण्याची चालच जुन्या काळी नव्हती. तेथे डुक्कर आणि कोंबडी हे खरे पशुधन, देवकार्याचेही आणि पाहुणचाराचेही. बकरी सगळीकडे आहे. बैलजोडीचा व्यवहार पुरुष करतो. बकरी-कोंबडीची देखभाल, आणि बऱ्याच घरांत तिचा पैसाही, बाईकडे असतो. लाडक्या बहिणीचे पैसे त्याच बाईच्या खात्यात पडतात. योजना आखणाऱ्यांच्या मनात हा मेळ असेलच असे नाही, पण तो जुळला आहे.

पैसा जनावरापर्यंत कसा पोचतो. महिना 1500 म्हणजे वर्षाला 18,000 रुपये. कागदावर एवढ्यात दोन-तीन पाठी (तरुण बकऱ्या) येतात. प्रत्यक्षात सगळी रक्कम कधीच शिल्लक पडत नाही, आणि ‘पैसे मिळाले, बकरी घेतली’ अशी सरळ रेघ क्वचितच असते. अधिक महत्त्वाचा परिणाम न दिसणारा आहे : बकरी विकावी लागत नाही.

या जिल्ह्यांतला रोकडीचा हंगाम ठरलेला असतो. मार्च-एप्रिलमध्ये मोहफूल, मेमध्ये तेंदूपत्ता, दिवाळीनंतर धान. मधला काळ, म्हणजे मृग नक्षत्रापासून पीक निघेपर्यंतचे महिने, रिकामा. बी-खत, रोवणीची मजुरी, शाळेचा खर्च, हिवताप हे सारे याच काळात येते आणि हाताशी विकण्याजोगे असते ते दावणीचे जनावर. आठवडी बाजारात व्यापाऱ्याला हे पक्के ठाऊक असते, म्हणून भाव पडतो. रोवणीच्या तोंडाशी मिळेल त्या भावाला जाणारा बोकड पोळ्याच्या करीपर्यंत किंवा बकरी ईदपर्यंत थांबवता आला, तर वजनही वाढते आणि गिऱ्हाईकही स्वतः दारी येते. गाभण बकरी अडचणीत विकणे तर पेरणीचे बियाणे कांडून खाण्यासारखे आहे : बकरीचा गाभणकाळ सुमारे 150 दिवसांचा, दोन वर्षांत साधारण तीन वेत, आणि जुळी पिल्ले नेहमीची, एक मादी गेली की तिच्यामागची सगळी वाढ जाते. महिन्याचा हप्ता लहान असतो, पण हजार-पाचशेची नड भागवायला तो पुरतो, आणि बहुतेक बकऱ्या विकल्या जातात त्या अशाच लहान नडीपायी.

दुसरा परिणाम मालकीचा. ज्याच्याकडे जनावर घ्यायला पैसा नाही तो दुसऱ्याच्या बकऱ्या अर्ध्या वाट्यावर पाळतो : जनावर मालकाचे, चारणे-राखणे पाळणाऱ्याचे, पिल्ले अर्धी-अर्धी. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली ही पद्धत अन्यायाची म्हणता येत नाही, पण तिच्यात कळप वाढायला दुप्पट वेळ लागतो. स्वतःची पहिली पाठ घेण्याइतकी रक्कम साठली की हा हिशेब बदलतो.

ती साठते कशी, हा प्रश्न इथे येतो. केनियातील रोख मदतीच्या अभ्यासात (योहानेस हाउसहोफर आणि जेरेमी शपिरो) दरमहा पैसे मिळालेल्या घरांत खाण्यापिण्याची स्थिती अधिक सुधारली, तर एकरकमी मिळालेल्यांनी टिकाऊ वस्तू अधिक घेतल्या. महिन्याचा हप्ता पोटात जातो, ठोक रक्कम मालमत्तेत. विदर्भातील बायांनी यावर बचत गट हाच उपाय वापरला आहे : हप्त्यातले शंभर-दोनशे गटात, आणि पाळीपाळीने गटाचे कर्ज. दरमहा खात्री असलेली रक्कम हीच परतफेडीची हमी ठरते. कधी रक्कम साठवण्याचे हे काम सरकारी दिरंगाई करते. लाडकी बहीण योजनेचे पहिले दोन हप्ते ऑगस्ट 2024 मध्ये एकत्र आले, फेब्रुवारी आणि मार्च 2025 चेही एकत्र. तुंबलेला पैसा एकदम हाती आला की त्यातून जनावर घेण्याचा विचार तरी होतो. अर्थात ज्या घरात चूल त्या हप्त्यावर आहे, तेथे या उशिराचे कौतुक करण्याचे कारण नाही.

कोंबड्या आणि लस. सर्वांत कमी भांडवलाची सुरुवात कोंबडीची. गावरान कोंबडी वर्षाला साधारण 60 ते 80 अंडी देते, खुडूक बसली की 21 दिवसांत पिल्ले. अडचण मानमोडीची (राणीखेत). ती आली की चार दिवसांत डालगे रिकामे होते. लस स्वस्त आहे, पण तिची कुपी शंभर किंवा अधिक पक्ष्यांसाठी येते आणि ती थंड ठेवावी लागते. आठ-दहा कोंबड्यांच्या घराला ती एकट्याने घेणे परवडत नाही, खात्यात पैसे असले तरीही. बकऱ्यांच्या पीपीआर आणि आंत्रविषाराच्या लसींबाबत अडचण थोडी वेगळी : लस सरकारी दवाखान्यात असते, दवाखाना दूर असतो. म्हणून उमेद (महाराष्ट्र राज्य ग्रामीण जीवनोन्नती अभियान) आणि महिला आर्थिक विकास महामंडळ यांच्या कामातून उभ्या राहिलेल्या पशुसखी निर्णायक ठरतात. गावातलीच बाई, जंतनाशक पाजणारी, साऱ्या टोल्यातल्या कोंबड्या एका दिवशी गोळा करून टोचून घेणारी. रोख मदतीने लसीचे पैसे मिळतात. लस मिळत नाही. 1962 या क्रमांकावरील फिरते पशुवैद्यकीय पथक ही उणीव काही अंशी भरते, अर्थात फोनला रेंज असेल तेथे.

असील कोंबड्याची गोष्ट निराळी. दोन्ही जिल्ह्यांत चालणाऱ्या बेकायदा कोंबड बाजारांमुळे झुंजीच्या कोंबड्याला मांसाच्या हिशेबात न बसणारा भाव येतो. पशुसंवर्धनाच्या अहवालांत हे उत्पन्न दिसणार नाही.

जुना धडा. गरिबाला जनावर देऊन दारिद्र्याबाहेर काढण्याचा देशव्यापी प्रयोग यापूर्वी झाला आहे. एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रम 2 ऑक्टोबर 1980 पासून सर्व विकासगटांत लागू झाला आणि 1999 मध्ये स्वर्णजयंती ग्राम स्वरोजगार योजनेत विलीन झाला. अनुदान आणि बँक कर्ज यांतून म्हशी, गाई, शेळ्या वाटल्या गेल्या. पुण्याच्या गोखले संस्थेतील अर्थतज्ज्ञ नीलकंठ रथ यांनी 1985 मध्ये या कार्यक्रमाची कठोर चिकित्सा केली. ज्याच्याकडे चारा नाही, जमीन नाही, जनावर सांभाळण्याचा अनुभव आणि बाजार नाही, त्याच्या दावणीला म्हैस बांधून दारिद्र्य हटत नाही, असा तिचा रोख. जनावर विकले जायचे किंवा मरायचे, कर्ज मात्र राहायचे. आजही 10 शेळ्या व 1 बोकड असा गट देणारी योजना चालू आहे : सर्वसाधारण लाभार्थ्याला 50 टक्के, अनुसूचित जाती-जमातींना 75 टक्के अनुदान. उरलेला हिस्सा आणि पहिल्या वेतापर्यंतचा खर्च पेलण्याची ताकद नसलेल्याला तिचा उपयोग मर्यादित. नेमक्या याच मधल्या महिन्यांत नियमित हप्ता कामाला येतो. बांगलादेशात ब्रॅक संस्थेने 2002 मध्ये सुरू केलेल्या अतिगरिबांसाठीच्या कार्यक्रमात जनावर, काही काळ चालणारा निर्वाहभत्ता आणि प्रशिक्षण एकत्र दिले जाते. महाराष्ट्रात ही तिन्ही अंगे आहेत, पण तीन खात्यांत, आणि ती एकाच घरी एकाच वेळी पोचली तर तो योगायोग असतो.

विनाअट पैशाचा पुरावा शेजारीच सापडतो. मध्य प्रदेशात महिला कामगारांची ‘सेवा’ (SEWA) संघटना आणि युनिसेफ यांनी 2011–12 च्या सुमारास केलेल्या प्रयोगात प्रत्येक प्रौढास आधी 200, नंतर 300 रुपये महिना आणि मुलांना त्याच्या निम्मे दिले गेले. जनावरांची संख्या, विशेषतः आदिवासी गावात, वाढली. मेक्सिकोतील प्रोग्रेसा या सशर्त मदतीच्या योजनेच्या अभ्यासातही कुटुंबांनी मिळालेल्या प्रत्येक पेसोपैकी सुमारे 26 सेंटाव्हो उत्पादक कामांत, त्यात जनावरांत, गुंतवल्याचे आढळले. ‘फुकटचा पैसा लोक उडवतात’ हे मत मुंबई-पुण्यात लोकप्रिय आहे. पुरावा त्याच्या बाजूने नाही.

गुरांची घसरण. 2015 मध्ये महाराष्ट्रात गोवंश हत्याबंदी बैल-वळूंनाही लागू झाल्यापासून म्हातारे जनावर विकून नवे घेण्याचे चक्र अडले आहे. ट्रॅक्टरही आला. त्यामुळे हाती पैसा आला तरी लहान शेतकऱ्याचा ओढा बकरीकडे. पश्चिम चंद्रपुरात दूधसंकलन काही प्रमाणात आहे, आणि विदर्भ-मराठवाड्यातील 19 जिल्ह्यांच्या दुग्धविकास प्रकल्पात गडचिरोलीही धरली आहे. पण तणस (धानाचा पेंढा) आणि कुटार (भुसा) यांवर दुधाळ संकरित गाय पोसत नाही.

जंगल, वाघ आणि चराई. कळप वाढला की तो चरायला जंगलातच जाणार. इथे रोख मदतीची मर्यादा स्पष्ट होते. ताडोबा-अंधारी व्याघ्रप्रकल्प आणि ब्रह्मपुरी वनविभागाच्या परिसरात वाघाने जनावर मारणे ही नेहमीची बाब आहे, आणि गुराखी मारला जाणेही अपवादाचे राहिलेले नाही. 2022 च्या शासननिर्णयानुसार गाय, बैल, म्हैस गेल्यास बाजारभावाच्या 75 टक्के किंवा 70,000 रुपये यांपैकी कमी रक्कम मिळते. शेळी-मेंढीसाठी वरची मर्यादा 15,000. त्यासाठी 48 तासांत वनखात्याला कळवावे लागते आणि मेलेले जनावर जागचे हलवता येत नाही. जनावराच्या कानात ओळखीचा बिल्ला आहे का, हाही प्रश्न येतो. भरपाई येईपर्यंत घर कशावर चालते, याचे उत्तर पुन्हा तोच 1500 चा हप्ता. व्याघ्रप्रकल्पांलगतच्या गावांसाठी 2015 पासून असलेली डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजना गुरे जंगलात न सोडता घरी बांधून पोसण्यावर भर देते. बकरीला हे तत्त्व लावणे अवघड. ती पाला खाते आणि पाला दाव्याला येत नाही.

वनखात्याचा बकरीवरचा राग जुना आहे आणि संयुक्त वनव्यवस्थापनाच्या काळात कुऱ्हाडबंदीबरोबर चराईबंदी हाही घोषणांचा भाग होता. वनहक्क कायदा, 2006 च्या कलम 3(1)(घ) ने मात्र चराईला हक्क म्हणून मान्यता दिली, भटक्या पशुपालकांच्या हंगामी वापरासह. धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखाला 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टरवर सामूहिक वनहक्क मिळाला आणि त्यामागोमाग गडचिरोलीत मोठ्या संख्येने ग्रामसभांना तो मिळत गेला. बांबू आणि तेंदूपत्ता यांचे लिलाव, दर, बोनस यांवर ग्रामसभा रात्ररात्र बसतात. कोणत्या भागात किती बकऱ्या, कोणता पट्टा रोपे वर येईपर्यंत बंद, हे ठरवण्याकडे त्यामानाने कमी लक्ष गेले आहे. चंद्रपूर-गडचिरोलीत मेंढ्या-बकऱ्या घेऊन फिरणाऱ्या आणि घोंगडी विणणाऱ्या कुरमार समाजाचा हंगामी चराईचा हक्क तर अनेक गावांच्या दाव्यांत नोंदलाच गेलेला नाही. या कुटुंबांतील बायांच्या खात्यातही लाडक्या बहिणीचे पैसे पडतात. कळप कोठे न्यायचा याची परवानगी त्यांना दर पावसाळ्यात गावोगाव नव्याने मागावी लागते.