परतीचा बिगूल

प्रजासत्ताक दिनाचं संचलन बघणारी घरं पुष्कळ. सकाळी झेंडावंदन, मग जिलबी, मग टीव्हीसमोर बसून ‘महाराष्ट्राचा चित्ररथ गेला की यायचाय?’ अशी चौकशी. पण या सोहळ्याचा खरा समारोप तीन दिवसांनी, २९ जानेवारीच्या संध्याकाळी होतो, हे आमच्या गोतावळ्यात विचारलं तर निम्म्यांना ठाऊक नसतं. दिल्लीच्या विजय चौकात होणारा हा कार्यक्रम म्हणजे ‘बीटिंग रिट्रीट’. मला विचाराल तर आपल्या सगळ्या सरकारी समारंभांत हा सर्वांत चांगला. रणगाडे नाहीत, क्षेपणास्त्रं नाहीत, भाषण तर नाहीच. नुसतं संगीत आणि मावळता सूर्य.

नाव इंग्रजी आहे आणि चालही तिकडचीच. सतराव्या शतकातल्या इंग्लंडपर्यंत तिची मुळं जातात. सूर्य मावळला की रणवाद्यं वाजायची, लढाई थांबायची, शस्त्रं म्यान व्हायची, निशाणं उतरायची आणि सैनिक आपापल्या तळावर परतायचे. पण कल्पना काही आपल्याला परकी नाही. सूर्यास्तानंतर शस्त्र चालवायचं नाही, हा महाभारतातल्या धर्मयुद्धाचा नियम. जयद्रथाची सगळी कथा त्या एका नियमावर उभी आहे. संध्याकाळी रायगडाचे दरवाजे बंद होत, हे हिरकणीमुळे आपल्याकडच्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. गडावरचा नगारखाना, देवळातला सनई-चौघडा ही तरी काय, वेळ सांगणारी वाद्यंच. दिवस संपला हे वाजवून सांगायची रीत दोन्हीकडे होती, वाद्यं तेवढी वेगळी.

स्वतंत्र भारतात हा समारंभ १९५० च्या दशकात सुरू झाला. मेजर रॉबर्ट्स नावाच्या आपल्याच लष्करातल्या अधिकाऱ्याने अनेक बँड एकत्र आणून त्याला आजचं रूप दिलं. त्याआधी, १९५० च्या ऑक्टोबरमध्ये, जनरल करिअप्पांच्या पुढाकाराने मध्य प्रदेशात पचमढीला लष्करी संगीताचं शिक्षण देणारा विभाग निघाला होता. आमच्यासारख्यांना पचमढी म्हणजे सहलीचं ठिकाण. पण गढवालच्या, पंजाबच्या, आपल्या साताऱ्या-कोल्हापूरकडच्या पोरांना ट्रम्पेट नि क्लॅरिनेट हातात देऊन स्वरलिपी वाचायला शिकवणारं गाव तेच. २०२३ च्या कार्यक्रमात ‘क्वीन ऑफ सातपुडा’ आणि ‘कोकण सुंदरी’ अशा नावांच्या धुनी होत्या. पहिली म्हणजे पचमढीच, तिला सातपुड्याची राणी म्हणतात. आणि कोकण सुंदरी वाजली कशावर? स्कॉटलंडच्या बॅगपाइपवर! मला ते ऐकून हसू आलं आणि बरंही वाटलं.

हा सोहळा आजवर दोनदा रद्द झाला. २००१ साली, भुजच्या भूकंपामुळे. आणि २००९ साली, माजी राष्ट्रपती आर. वेंकटरमण यांचं दोन दिवस आधी निधन झालं म्हणून. दुःख असेल तेव्हा बँड वाजवायचा नाही, एवढं तारतम्य त्यात आहे.

आता वादाचा मुद्दा. १९५० च्या दशकापासून २०२१ पर्यंत या कार्यक्रमात शेवटाकडे ‘अबाइड विथ मी’ या ख्रिस्ती प्रार्थनेची धून वाजत असे. गांधीजींच्या आवडीची म्हणून ती ओळखली जाई आणि दुसरा दिवस ३० जानेवारीचा, त्यामुळे तिला आणखी अर्थ होता. २०२० साली ती वगळणार अशी बातमी आली, पण तेव्हा ती राहिली. २०२२ साली मात्र ती गेली आणि तिच्या जागी ‘ऐ मेरे वतन के लोगों’ आलं. झालं! वृत्तवाहिन्यांवर आठवडाभर रणधुमाळी. एक म्हणे, गुलामीची खूण पुसली. दुसरा म्हणे, गांधीजींना पुसलं. उचलली जीभ लावली टाळ्याला. त्या दोन्ही धुनी शांतपणे ऐकवाव्यात असं एकाही वाहिनीला वाटलं नाही.

इतिहास शिकवताना मी मुलांना सांगायची की एखाद्या गोष्टीवर मत देण्याआधी तिचा जन्म कुठल्या परिस्थितीत झाला ते बघा. इथे तेच करून पाहू.

‘अबाइड विथ मी’ लिहिणारा हेन्री लाइट हा इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या एका कोळ्यांच्या गावातला पाद्री. १८४७ साली क्षयाने जर्जर होऊन तो गेला आणि ही प्रार्थना त्याच्या अखेरच्या काळाशी जोडली गेली. संध्याकाळ होते आहे, तू माझ्याजवळ थांब, एवढंच मागणं. आज प्रसिद्ध असलेली चाल तिला १८६१ साली विल्यम मंक याने दिली. यात ना राणीचं कौतुक, ना साम्राज्याचं.

‘ऐ मेरे वतन के लोगों’चा जन्म १९६२ च्या पराभवातला. कवी प्रदीपांनी ते लिहिलं, चाल दिली सी. रामचंद्रांनी. हे सी. रामचंद्र म्हणजे आपले रामचंद्र नरहर चितळकर, नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचे. ‘माझ्या जीवनाची सरगम’ हे त्यांचं आत्मचरित्र आमच्या पिढीने वाचलेलं आहे. २७ जानेवारी १९६३ ला दिल्लीच्या नॅशनल स्टेडियममध्ये लतादीदींनी ते गायलं. समोर राष्ट्रपती राधाकृष्णन आणि पंडित नेहरू. पंडितजींचे डोळे पाणावले ही हकिकत घराघरात सांगितली जाते. प्रजासत्ताक दिनाच्याच आठवड्यातलं हे गाणं. सैन्य हरलं होतं, हजारो घरांत सुतक होतं, आणि देशाने त्या गाण्यातून एकत्र रडून घेतलं. २०२२ साली ते विजय चौकात वाजलं आणि आठवडाभराने, ६ फेब्रुवारीला, लतादीदी गेल्या.

म्हणजे बघा, एक मरणाच्या दारातल्या माणसाची प्रार्थना, दुसरं मेलेल्यांसाठी जिवंतांनी केलेलं स्मरण. जात एकच आहे, शोकाची. ज्याने कोणी ही अदलाबदल केली त्याने तिथे एखादी धडाकेबाज धून बसवली असती तर मला वाईट वाटलं असतं. त्यामुळे नवं गाणं आलं याचा मला राग नाही. पण जुनं ‘परकं’ म्हणून गेलं, हे कारण मात्र मला पटत नाही.

परकं म्हणून काढायला बसलं तर शिल्लक काय राहील? बँड परका, बिगूल परका, बॅगपाइप परका, पावलांचा ताल परका. आपलं राष्ट्रगीत ठरतानादेखील बँडचा विचार झालाच होता. १९४७ साली न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेच्या वेळी वाद्यवृंदासाठी भारताचं राष्ट्रगीत मागितलं गेलं. शिष्टमंडळाजवळ ‘जन गण मन’ची ध्वनिमुद्रिका होती, ती त्यांनी दिली. ते वाजलं आणि लोकांना फार आवडलं. नेहरूंनीच २५ ऑगस्ट १९४८ ला संविधान सभेत हे सांगितलं. ‘वंदे मातरम्’ वाद्यवृंदावर नीट बसत नाही, अशी तेव्हा अडचण सांगितली जात होती. ती आपल्या मास्तर कृष्णरावांनी, म्हणजे फुलंब्रीकरांनी, मनावर घेतली. त्यांनी झिंझोटी रागात ‘वंदे मातरम्’ला समूहाने म्हणता येईल अशी चाल बांधली, एका इंग्रज बँडप्रमुखाकडून तिचं बँडसाठी स्वरलेखन करून घेतलं आणि दिल्लीला जाऊन ती ऐकवली. निर्णय २४ जानेवारी १९५० ला झाला. ‘जन गण मन’ राष्ट्रगीत आणि ‘वंदे मातरम्’ला त्याच्याइतकाच मान. मास्तरांची खटपट पूर्ण फळाला आली नाही, पण त्यांची दृष्टी बघा. भास्करबुवा बखल्यांचा हा शिष्य. त्यांनी ‘बँड विलायती आहे, तोच नको’ असं म्हटलं नाही. ‘आमचं गाणं त्यावर वाजेल अशा तयारीने बांधतो’ असं म्हटलं. अभिमान असावा तर असा, हात चालवणारा.

दुसरं उदाहरण पेटीचं. हार्मोनियम युरोपातून आलेली. ती भारतीय नाही म्हणून १९४० पासून १९७१ पर्यंत आकाशवाणीवर तिला बंदी होती. एकतीस वर्षं! त्या काळात आपल्या नाटकांत, कीर्तनांत, भजनी मंडळांत पेटी बिनधास्त वाजत राहिली. गोविंदराव टेंब्यांनी जिला बोलकं केलं ती पेटी परकी आहे असं गावातल्या भजनीबुवाला सांगून बघा, तो टाळ फेकून मारील.

आणि गंमत म्हणजे २०२२ सालीही विजय चौकातला समारोप झाला तो ‘सारे जहाँ से अच्छा’ने. १९०४ साली ते लिहिणारे इक्बाल पुढे पाकिस्तानचे राष्ट्रकवी म्हणून मानले गेले. तरी ते गाणं आपण सोडलं नाही, आणि सोडूही नये. गाणं एकदा लोकांच्या तोंडी बसलं की ते लोकांचं.

पण हे सगळे झाले युक्तिवाद. मला खरं कळलं ते एका बिगुलामुळे.

सातारा जिल्ह्यातल्या ज्या गावात मी शिकवत होते तिथे दर दोन घरांआड एक फौजी. १९९९ च्या उन्हाळ्यात कारगिलहून आमच्या शाळेचा एक माजी विद्यार्थी पेटीतून परत आला. माझ्या वर्गात तो मागच्या बाकावर बसायचा, सनावळ्या कधी पाठ नसायच्या. पंचक्रोशीतली माणसं लोटली होती. घोषणा इतक्या मोठ्या की शेजारच्या बाईचं रडणं ऐकू येईना. मग जवानांनी हवेत फैरी झाडल्या आणि एकाने बिगूल तोंडाला लावला. ‘लास्ट पोस्ट’. ती धूनही इंग्रजांच्या छावणीतलीच. पहिल्या स्वराबरोबर सगळं माळरान गप्प झालं. सत्तरी ओलांडलेले एक निवृत्त हवालदार काठी टाकून दक्ष स्थितीत उभे राहिले. बिगूल थांबला तेव्हा त्याच्या आईने माझा हात धरून विचारलं, “संपलं का हो बाई?” मला काही उत्तर देता आलं नाही.

ही धून कुठल्या देशाची, असं त्या माळावर कुणीही विचारलं नाही. त्या माउलीला रडायला जी शांतता हवी होती ती घोषणांनी दिली नव्हती, त्या बिगुलाने दिली.

म्हणून माझी कसोटी सोपी आहे. राष्ट्राच्या समारंभात शोकाला जागा आहे का? शांततेला जागा आहे का? अटारी-वाघा सीमेवरचा रोजचा सोहळाही मुळात हाच, सूर्यास्ताला झेंडा उतरवण्याचा. १९५९ पासून तो चालत आलेला. तिथे पाय कपाळापर्यंत उचलतात, गॅलरीतून आरोळ्या उठतात. तरण्या पोरांना ते आवडतं, आवडू दे. पण विजय चौकाचा वाघा करू नये, एवढंच माझं म्हणणं. घराची जशी ओटी असते तसं माजघरही लागतं.

२०२२ साली हजार ड्रोन आकाशात उडाले. आपल्याच तरुण अभियंत्यांनी बनवलेले, कौतुक आहेच. पण मान वर करून दिवे बघताना कान बंद होतात, हा अनुभव आहे. ‘अबाइड विथ मी’ वाजायची तेव्हा बँड थबकायचा आणि लांबून घंटांचा नाद उत्तर द्यायचा. हळहळ वाटते ती त्या उत्तराची. शब्द कळत नसलेल्या माणसालाही त्या क्षणी कुणीतरी आठवायचं. आणि टीव्हीवरचे समालोचक! धून चालू असताना तिची माहिती कशाला सांगता? मेलव्हिल डिमेलो, जसदेव सिंग यांची समालोचनं आम्ही रेडिओवर ऐकली. त्यांना आम्हाला न दिसणारं सगळं दाखवायचं होतं. आता तर डोळ्यांना दिसतंय. मग थोडं गप्प बसायला काय हरकत आहे?

असो. शिक्षकाची खोड, बोलायला लागलं की तास संपतो. एक विनंती करते, विशेषतः आमच्या परदेशातल्या भाचरांना आणि नातवंडांना. यंदा २९ जानेवारीला हा कार्यक्रम नक्की बघा. शेवटी बँडप्रमुख राष्ट्रपतींसमोर येऊन ‘बँड परत घेऊन जाऊ का?’ अशी परवानगी मागतो. आधी बिगूल वाजतो, झेंडा हळूहळू खाली येतो, तटावर उंट अजिबात न हलता उभे असतात. तेवढी दोन-तीन मिनिटं फोन बाजूला ठेवा आणि टाळ्या वाजवू नका. मग दिवे लागतील आणि ‘सारे जहाँ से अच्छा’ सुरू होईल, तेव्हा हव्या तितक्या वाजवा.