मराठवाड्यातील रणभूमी पर्यटन

रणभूमी पर्यटन म्हणजे ज्या ठिकाणी इतिहासातील लढाई झाली, ते ठिकाण जाणकार मार्गदर्शकासोबत पायी फिरून लढाईचा क्रम प्रत्यक्ष भूमीवर समजून घेणे. गडकिल्ल्यांच्या भ्रमंतीपेक्षा हा प्रकार वेगळा आहे. किल्ल्यावर तट, बुरूज, दरवाजे दिसतात. मोकळ्या रणांगणावर बहुधा शेतांखेरीज काही दिसत नाही. परभणी जिल्हा आणि एकूणच गोदाखोऱ्यातील काळ्या, सपाट, वर्षानुवर्षे नांगरल्या जाणाऱ्या जमिनीला हे विशेष लागू पडते. त्यामुळे येथे मार्गदर्शकाचे महत्त्व इतर स्थळांपेक्षा अधिक आहे.

पार्श्वभूमी

युरोपात वॉटर्लूच्या लढाईनंतर (१८१५) लगेचच प्रेक्षकांची रीघ लागली. त्या लढाईत लढलेला एडवर्ड कॉटन हा सैनिक पुढे तेथेच राहून लोकांना रणांगण दाखवीत असे. अमेरिकेतील गेटिसबर्ग येथे १९१५ पासून मार्गदर्शकांना परीक्षा घेऊन परवाना दिला जातो. महाराष्ट्रात पायी फिरून इतिहास समजून घेण्याची परंपरा प्रामुख्याने सह्याद्रीतील दुर्गभ्रमणातून वाढली. मराठवाड्यातील मैदानी रणांगणे तिच्या वाटेत क्वचितच येतात.

सोनपेठची लढाई (१५९७)

परभणी जिल्ह्याशी जोडली गेलेली सर्वांत मोठी लढाई १५९७ च्या आरंभी झाली. चांदबिबीने अहमदनगरचा बचाव केल्यानंतर १५९६ मध्ये झालेल्या तहानुसार वऱ्हाड मोगलांना मिळाला. मात्र मोगलांनी पाथरीचाही ताबा घेतला आणि पाथरी वऱ्हाडात मोडते की नाही, यावरून वाद पेटला. विजापूरचा सरदार सुहैलखान याच्या नेतृत्वाखाली विजापूर, अहमदनगर आणि गोवळकोंडा यांच्या फौजा एकत्र आल्या. मोगलांकडून अब्दुर्रहीम खानखानान पुढे आला. खानदेशचा राजा अलीखान फारुकी त्याच्यासोबत होता.

लढाई दोन दिवस चालली. पहिल्या दिवशी राजा अलीखान मारला गेला. संध्याकाळी दोन्ही बाजूंना आपणच जिंकलो असे वाटत होते. विजापुरी सैन्यातील अनेक जण लूट घेऊन पांगले, तर खानखानानाने रात्रभर रणांगणावरच राहून विखुरलेली माणसे गोळा केली. राजा अलीखान दिसेनासा झाला, तेव्हा तो शत्रूला मिळाला असे समजून मोगल सैनिकांनी त्याचाच तळ लुटला. त्याचे प्रेत सकाळी सापडले. दुसऱ्या दिवशीच्या चकमकीत जखमी झालेल्या सुहैलखानाला त्याच्या माणसांनी रणांगणाबाहेर नेले. मोगलांना विजय मिळाला, पण अहमदनगर त्यांच्या हाती पडायला १६०० साल उजाडले.

मार्गदर्शकाची खरी कसोटी येथे लागते, कारण लढाईच्या जागेबाबत साधनांत एकवाक्यता नाही. फिरिश्ता गोदावरीकाठच्या सोनपेठचे नाव देतो, तर अबुल फजल पाथरीपासून बारा कोसांवरील आष्टीजवळ ही लढाई झाल्याचे लिहितो. त्यामुळे ग्रंथांत ती कधी सोनपेठची, कधी आष्टीची लढाई म्हणून येते. महाराष्ट्रात आष्टी नावाची अनेक गावे आहेत. बापू गोखले जिथे धारातीर्थी पडले (१८१८), ती सोलापूर जिल्ह्यातील आष्टी अगदी निराळी. एखाद्या शेतात उभे राहून ‘तोफा इथेच होत्या’ असे ठासून सांगणाऱ्यापेक्षा दोन्ही उल्लेख मांडून अंतर, नदी आणि वाटा यांचा मेळ घालून दाखवणारा मार्गदर्शक अधिक विश्वासार्ह मानावा.

नदी आणि ऋतू

गोदाखोऱ्यातील लढायांत नदीची स्थिती निर्णायक असते. १० ऑगस्ट १७६३ रोजी बीड जिल्ह्यातील राक्षसभुवन येथे माधवराव पेशवे व रघुनाथराव यांनी निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर याचा पराभव केला. दिवाण लढाईत ठार झाला. निजाम अली बऱ्याच फौजेसह आधीच नदी उतरून गेला होता आणि पुरामुळे दक्षिण तीरावर अडकलेल्या दिवाणाच्या मदतीला त्याला येता आले नाही. आज वरच्या अंगाला पैठणचे जायकवाडी धरण असल्याने पूर्वीसारखा पूर सहसा दिसत नाही. सोनपेठची लढाई मात्र हिवाळ्यात, पात्र आटलेले असण्याच्या दिवसांत झाली. आता त्याच दिवसांत ढालेगाव, मुद्गल येथील बंधाऱ्यांमुळे पात्र भरलेले असते. म्हणजे एकीकडे भरलेली नदी ओसरलेली दिसते, दुसरीकडे उथळ नदी तुडुंब दिसते. हा फरक कोणी समजावून दिला नाही, तर दोन्ही ठिकाणी पाहणाऱ्याची दिशाभूल होते.

असई

जालना जिल्ह्यातील असई (२३ सप्टेंबर १८०३) हे भूमी वाचण्याचे उत्तम उदाहरण आहे. केळणा आणि जुई या नद्यांच्या दुआबात दौलतराव शिंदे व रघूजी भोसले यांची फौज होती. जवळपास नदीला उतार नाही, असे स्थानिक वाटाड्यांनी आर्थर वेलस्लीला सांगितले. केळणेच्या दोन काठांवर पिंपळगाव आणि वरूड ही गावे समोरासमोर पाहून त्याने तर्क केला की त्यांच्यामध्ये उतार असलाच पाहिजे, तो होता. हा तर्क पुस्तकापेक्षा नदीकाठी उभे राहिल्यावर लवकर पटतो. इंग्रजी वृत्तांत विपुल असल्याने असईची कथा बहुधा वेलस्लीच्या नजरेतूनच सांगितली जाते. शिंद्यांच्या कवायती पायदळाने आणि गोलंदाजांनी केलेला कडवा प्रतिकार त्यात झाकोळतो. त्याच प्रतिकारामुळे कंपनीच्या बाजूचे दीड हजारांहून अधिक लोक मृत वा जखमी झाले.

मार्गदर्शकाची तयारी आणि मर्यादा

या प्रदेशाची साधने फारसी तवारिखा, मोडीतील पेशवे दफ्तर आणि इंग्रजी खलिते अशी विखुरलेली आहेत. शिवाय प्रत्येक लढाईला एकच रणांगण असते असेही नाही. पालखेडची मोहीम (१७२८) ही मुख्यतः हालचालींची आणि निजामाची रसद व पाणी तोडण्याची होती. वैजापूर तालुक्यातील ते पालखेड आणि नाशिक जिल्ह्यातील धरणाचे पालखेड यांची गल्लतही अनेकदा होते.

बहुतेक रणांगणे खाजगी शेतांत असल्याने मालकाची परवानगी घेणे आणि उभ्या पिकात न शिरणे आवश्यक असते. जमिनीत दडलेली व दहा रुपयांहून अधिक मूल्याची वस्तू सापडल्यास भारतीय निखात निधी अधिनियम, १८७८ नुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे. तोफगोळा किंवा नाणे आठवण म्हणून घरी नेता येत नाही. वस्तू जागेवरून हलली की तिचे पुरावा म्हणून असलेले मोलही घटते. सोनपेठसारख्या, जागेचाच निर्णय बाकी असलेल्या लढाईत तर असा एखादा गोळा कोणत्या शेतात सापडला, हीच माहिती सर्वांत मोलाची ठरू शकते.